कोपरापाशी बटण

आमच्या इवायांइतका नव्या घरांचा अपमान करणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तरीही त्यांना गृहप्रवेशाला बोलावलं नाही असं घर रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत शोधून सापडायचं नाही. इवाई म्हणजे व्याही. माझ्या मुलीचे सासरे. हे नातंच असं आहे की समोरचा माणूस काहीही बोलला तरी आपण मान हलवायची आणि त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढायची. बाकीच्या लोकांवर ही सक्ती नव्हती, तरी तेही मान हलवत आणि पुरी वाढत.

लोक नव्या घरात गेले की फरशी पाहतात, ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात फिरवतात, छताच्या नक्षीकडे मान वर करून वा म्हणतात आणि मनातल्या मनात जळतात. इवाई यातलं काहीच करत नसत. चप्पल काढली की थेट भिंतीकडे. विजेच्या बोर्डासमोर शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसे ताठ उभे राहत, उजवा हात कोपरात वाकवत आणि बोट सरळ पुढे करत. बोट बटणावर पडलं तर घर पास, नाही तर नापास. बोट बटणावर कधीच पडत नसे. ते भिंतीच्या कोऱ्या रंगावर पडे, आणि बोर्ड तिथून वर कुठंतरी, देवळाच्या घंटेसारखा लटकत असे. मग इवाई घरमालकाकडे वळून, अंत्ययात्रेला आल्यासारख्या आवाजात, हे कोणी लावलं असं विचारत. मालक फिटिंगवाल्याचं नाव सांगे, फिटिंगवाला इंजिनियरचं, आणि इंजिनियर बहुधा जेवायच्या पंगतीत जाऊन बसलेला असे.

त्यांचे नियम साधे होते. बटण कोपरापाशी. पीन घालायचं भोक कमरेपाशी. डोक्याच्या वर फक्त पंखा आणि आभाळ. उशीवर डोकं ठेवल्यावर हात लांब केला की लाइट बंद झाला पाहिजे. आम्ही बौद्ध माणसं. ईशान्येला काय असावं आणि चूल कोणत्या दिशेला असावी हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. वास्तुशास्त्राला आम्ही दारातूनच जयभीम घातला होता. पण हे बोर्डशास्त्र सोयरिकीच्या वाटेनं आत आलं, आणि सोयरिकीनं आलेल्या गोष्टीला बाहेर काढता येत नाही.

वाशीमच्या एका ठेकेदाराच्या बंगल्यात मी स्वतः त्यांच्याबरोबर होतो. ठेकेदार मोठ्या हौसेनं आपली झोपायची खोली दाखवत होता. पलंगावर गुळगुळीत, चमकती चादर, तिच्यावर अजून कुणी बसलेलंही नव्हतं. इवाईंनी टोपी काढून उशाशी ठेवली आणि ते सरळ आडवे झाले. ठेकेदाराची बायको दारात तबक घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. इवाईंनी झोपल्या झोपल्या उजवा हात लांब केला, मग डावा, मग दोन्ही. हाताला काही लागेना. बोर्ड दाराजवळ होता, पलंगापासून एका खोलीच्या अंतरावर. डोळे मिटूनच ते म्हणाले, "लाइट बंद कराले उठाव, अन् अंधारात चाचपडत पलंग शोधत याव. निजाची खोली हाय का आंधळी कोशिंबीर?" ठेकेदार हसला, पण पुढच्या महिन्यात त्यानं पलंगाशेजारी बोर्ड बसवून घेतला असं ऐकलं. खालच्या बाजूला, फरशीला लागून पीन असली तर मात्र इवाई हसत नसत. गुडघे टेकून ते तिच्याकडे पाहत आणि विचारत, ही उंदरांची सोय आहे का.

तसं पाहिलं तर मधूनच ते एखादी गोष्ट इतकी शहाणपणाची सांगत की माणूस गोंधळून जाई. बाथरूममधल्या गिझरचं बटण आतच असलं की ते मालकाला बाहेर बोलावून, बायकामाणसांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात समजावत की ओल्या हाताला बटण भेटलंच नाही पाहिजे. हे ऐकून माणसाला वाटे की बाकीचंही खरंच असेल. मग तो बाकीचंही ऐकायला बसे, आणि तिथं फसे.

हे वेड त्यांना कुठून लागलं याचं एक उत्तर ते स्वतः देत. ते पोस्टमन होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वाशीमच्या गल्ल्यांमध्ये सायकल मारली. पोस्टमनला घर दिसतं ते दारापर्यंत. आत काय आहे ते वासावरून ओळखायचं. आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एकदम आत बोलावणी यायला लागली, तेव्हा आत जाऊन काय पाहायचं हे त्याचं त्यानं ठरवलं, यात मला तरी काही चूक दिसत नाही. त्यांचं खरं भांडण सुरू झालं होतं ते दारावरच्या बेलशी. त्यांचं म्हणणं असं की लोक बेल उंच लावतात ती गल्लीतल्या पोरांनी वाजवून पळू नये म्हणून. पोरं उड्या मारून वाजवतातच, राहतो तो बिचारा पोस्टमन. म्हणून ते छत्रीच्या टोकानं बेल वाजवत. एका जैन किराणा व्यापाऱ्याच्या दारी एकदा छत्रीचं टोक बटणाच्या फटीत अडकलं. बेल जी वाजू लागली ती थांबेना. आतून व्यापारी आला, त्याची बायको आली, सुना आल्या, शेवटी भिंतीला धरून धरून म्हातारी आजीही आली. बाहेर इवाई छत्री वर धरून, एखादा झेंडा फडकवावा तसे शांत उभे. त्या कल्लोळातच त्यांनी दुसऱ्या हातानं टपाल पुढे केलं आणि म्हणाले, "तार नाई जी, साधं कार्ड हाय." व्यापाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी बेल खाली घेतली, आणि तिथून पुढे त्या दारात त्यांना चहा मिळू लागला. जिल्ह्यातलं पहिलं सुधारलेलं घर म्हणून ते त्या घराचा उल्लेख करत.

दुसरं उत्तर ते देत नसत. ते सगळ्यांना दिसे आणि कुणीच बोलत नसे. इवाई बुटके होते. थोडेथोडके नव्हते. एसटीत बसले की पाय लोंबकळत, आणि गर्दीत ते हरवले तर त्यांना टोपीवरून नव्हे, आवाजावरून शोधावं लागे. आणि इनबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, चांगल्या उंचनिंच, ज्वारीच्या ताटासारख्या सरळ. त्यांच्या लग्नाच्या फोटोत दोघंही खुर्च्यांवर बसलेले आहेत, आणि तरीसुद्धा इवायांच्या खाली उशी असावी असा मला संशय आहे. त्यांनी बटण कोपरापाशी म्हटलं की कोणाच्या कोपरापाशी, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या ओठावर यायचा आणि तो चहाच्या घोटाबरोबर खाली जायचा. इवाईंचा स्वभाव गोड होता. असल्या माणसाला कोण बोलणार?

आमची ओळखच मुळी अंधारात झाली. मुलीसाठी स्थळ पाहायला आम्ही इवायांच्या गावी, केनवडला गेलो होतो. मुलगा चांगला, मानोऱ्याकडच्या एका शाळेत शिक्षक. बैठकीत चटई टाकलेली. मी भिंतीला पाठ टेकून बसलो, आणि पाठ टेकताच पंखा थांबला, लाइट गेला. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे दिवसाढवळ्या सगळे एकमेकांचे चेहरे शोधू लागले. लाइन गेली, लाइन गेली असं कुणीतरी म्हणालं. मी दचकून पाठ घासतच सरळ झालो, तशी लाइन आली. पुन्हा टेकलो, गेली. माझ्या पाठीत बोर्ड होता. चटईवर बसलेल्या माणसालाही जरा हात मागं नेला की पोचेल इतक्या खाली. मी ओशाळलो, पण इवायांचा चेहरा खुलला. ते उठून माझ्याजवळ आले आणि जमलेल्या सगळ्यांना सांगू लागले की पाहा, पाहुण्यानं हातसुद्धा लावला नाही आणि पंखा बंद झाला, याला म्हणतात घर. परत येताना बसमध्ये माझ्या बायकोनं तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "मानूस जरासा येडा हाय. पन घरातली मानसं मोकळी हायेत. पोरगी सुखात राहीन." सोयरीक जमली ती त्या बोर्डावर.

खरी गंमत सुरू झाली आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा. माझी नोकरी सरकारी कारकुनाची. बायकोचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांमध्ये झाला. ज्या खोलीत राहायचं तिथं खिळा ठोकायलासुद्धा मालकाला विचारायचं, आणि मालक नाही म्हणायचा. त्यामुळे वाशीमच्या एका नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतला तेव्हापासून तिनं ते घर मनात पूर्ण बांधून ठेवलं होतं. पडद्यांचा रंग ठरला होता, बुद्धाची मूर्ती हॉलच्या कोणत्या भिंतीवर बसवायची ते ठरलं होतं, कपडे वाळवायची दोरीसुद्धा ठरली होती. फक्त विजेचे बोर्ड तिनं ठरवले नव्हते, कारण बोर्ड ही ठरवायची गोष्ट असते हे तिला माहीतच नव्हतं. ती कमतरता इवायांनी भरून काढली. भिंती उभ्या राहिल्याचं कळताच ते केनवडहून पहिल्या बसनं आले आणि मग येतच राहिले.

त्यांच्या खिशात खडू असे. फिटिंगवाला भिंतीवर खूण करी, ते ती पुसून खाली नवी करत. इंजिनियर आला की तो नियमाची उंची सांगे. इवाई विचारत, नियम कोणत्या माणसाला उभा करून केला, आणि तो माणूस आता कुठे राहतो. इंजिनियर शिकलेला असल्यामुळे त्याला याचं उत्तर देता येत नसे. एकदा मात्र इवाईंनी सगळ्यांना चकित केलं. सगळ्या खुणा कच्च्या जमिनीपासून मोजल्या होत्या; फरशी बसल्यावर जमीन वर येणार, मग बोर्ड आपोआप खाली येतील, हे त्यांनी दाखवून दिलं. फिटिंगवाला नवशिका नव्हता, पण त्याच्याही ते ध्यानातून गेलं होतं. त्यानंतर तो त्यांना वस्ताद म्हणू लागला, आणि तिथंच घात झाला. माणसाला वस्ताद म्हटलं की तो थांबत नाही. लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात एक पीन अशा ठिकाणी लावून घेतली की तिथं फ्रीज ठेवल्यावर ती फ्रीजच्या पाठीमागे बरोबर मध्यावर येत होती, जिथं माणसाचा हात सोडा, पालसुद्धा पोचली नसती. आणि झोपायच्या खोलीत त्यांनी उशाशी म्हणून जो बोर्ड आखला, तो त्यांनी मनात धरलेल्या पलंगाच्या उशाशी होता. आमच्या मनातला पलंग समोरच्या भिंतीला होता.

बायको हे सगळं पाहत होती. तोंडानं गोड बोले, डब्यात त्यांच्यासाठी वेगळी भाकर आणे, आणि घरी आली की भांडी आपटे. मी म्हणायचो, जाऊ दे, मुलीचे सासरे आहेत. ती म्हणायची, म्हणूनच तर गप्प आहे. पण एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. हॉलमधल्या ज्या भिंतीवर मूर्तीचा कोनाडा करायचा होता, तिच्यात मधोमध, कमरेच्या उंचीवर, बोर्डासाठी नवी झिरी कापणं चालू होतं. कटरचा धुरळा उडत होता आणि इवाई नाकाला रुमाल लावून, इकडं घे, अजून इकडं, असं हातानं सांगत होते. तिला न विचारता. मलाही न विचारता.

डबा तिनं खाली ठेवला. ती ओरडली नाही, तेच वाईट झालं. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "इवाईबुवा, तुमचा हात पुरत नाई म्हनून आमी सगळ्यायनं वाकाव काय?"

फिटिंगवाल्यानं कटर बंद केला. मी जमिनीकडे पाहत राहिलो, कारण इवायांकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. इतक्या वर्षांत जे केनवडात, पोस्टात, गृहप्रवेशाच्या पंगतीत कुणी बोललं नव्हतं, ते माझ्या घरात बोललं गेलं होतं. इवाईंनी रुमाल झटकला, घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या नात्यानं माझी बायकोही इनबाईच. म्हणाले, "बराबर हाय, इनबाई. घर तुमचं हाय." मग माठातलं पाणी पिऊन त्यांनी फिटिंगवाल्याला येतो म्हणून सांगितलं आणि ते बस स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी गाडीवर सोडतो म्हणालो तर हात हलवून नको म्हणाले. रस्ता सरळ होता, त्यामुळे ते फार लांबपर्यंत दिसत राहिले.

त्यानंतर ते आले नाहीत. बायकोनं झिरी बुजवून घेतली आणि बोर्ड इंजिनियरच्या नियमाप्रमाणे वर नेले. मुलीचा फोन येई, पण पूर्वी ती सासऱ्यांचे किस्से सांगून हसायची, ते बंद झालं. मामंजी कसे आहेत विचारलं की बरे आहेत म्हणायची, आणि त्या बरे आहेत मध्ये आम्हाला जे ऐकू यायचं ते आम्ही दोघंही एकमेकांना सांगत नसू. लेकीच्या सासरी आपण काडी टाकली, ही भीती बायकोला आतून खात होती, पण माफी मागायची म्हणजे बोललेलं पुन्हा बोलायचं, आणि ते तिला जमत नव्हतं.

मग मानोऱ्याचे एक ओळखीचे गृहस्थ मला कचेरीत भेटायला आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या नव्या घराचा कार्यक्रम आदल्या आठवड्यात झाला होता आणि इवाई आले होते. आले, मंडपात बसले, जेवले, आहेर दिला आणि निघून गेले. बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. गृहस्थ माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आमच्या घरात अशी काय खोट हाय जी, का त्यायनं बटनबी पाह्यलं नाई?" त्यांच्या बायकोला तर रडू आलं होतं म्हणे. पाहुण्यांसमोर मुद्दाम आतपर्यंत नेलं, बोर्डासमोर उभं केलं, तरी इवाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून बरं आहे म्हणाले. बरं आहे! हा शब्द इवायांच्या तोंडून कोणत्याही घराबद्दल निघालेला मी ऐकला नव्हता. मी संध्याकाळी बायकोला हे सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, आमंत्रण द्यायला आपण दोघंही केनवडला जाऊ.

केनवडला आमचं स्वागत इतकं चांगलं झालं की जीव घाबरा झाला. इवाईंनी स्वतः पाणी आणलं, सोयाबीनचं कसं आहे, वाशीमला ऊन कसं आहे, सगळं विचारलं. घराचं काही विचारलं नाही. आमंत्रण त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि पाहतो म्हणाले. पाहतो म्हणजे येत नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. बायको पदराशी चाळा करत होती. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघेना. मुलगी आत चहा टाकत होती आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम करत होती, शांतता झाकावी म्हणून.

उकडत होतं. इनबाई पंखा वाढवायला उठल्या. बोर्डाजवळ गेल्या, एक हात कमरेवर ठेवला, वाकल्या, बटण फिरवलं, आणि सरळ होताना डोळे मिटून घेतले. अगदी क्षणभर. हे आम्ही त्या घरात कितीतरी वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी माझ्या बायकोनं ते खरोखर पाहिलं. तिनं विचारलं की कंबर कधीपासून दुखते. इनबाई सहज म्हणाल्या, वाकून वाकून दुखतेच, आता वय झालं. इवाई आश्चर्यानं म्हणाले, "कायले वाकतं? वावरातलं निंदन तं कवाच सोडलं तुनं."

"बटन दाबाले," इनबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

इवाई उठले. त्यांनी इनबाईंना बोर्डासमोर ताठ उभं राहायला सांगितलं. त्या लाजल्या, इवाई-इनबाईसमोर हे काय म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. कोपर वाकव म्हणाले, त्यांनी वाकवलं. त्यांचा हात जिथं आला तिथून बोर्ड बराच खाली, मांडीपाशी होता. इवाई त्या हाताकडे पाहत राहिले, मग बोर्डाकडे, मग पुन्हा हाताकडे. जिल्ह्यातल्या किती घरांत त्यांनी हात वाकवून पाहिला असेल; या एका हाताला त्यांनी कधी वाकवून पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांगाव नाई का मले?" इनबाई म्हणाल्या, "तुमाले सोपं जात होतं. म्या कायले सांगू?"

माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. इवाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. पण निघताना ते आम्हाला बसपर्यंत सोडायला आले, आणि बस सुटताना खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं की कार्यक्रम किती वाजता आहे.

गृहप्रवेशाच्या दिवशी ते आले. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली गेली, आणि मग ते चप्पल काढून आत शिरले. बरेचसे पाहुणे जेवण सोडून त्यांच्या मागोमाग आत आले. मानोऱ्याचे गृहस्थही होते. इवाई हॉलमधल्या बोर्डासमोर ताठ उभे राहिले, पण या वेळी स्वतःचा हात त्यांनी वाकवला नाही. माझ्या बायकोला पुढे बोलावलं आणि तिला कोपर वाकवायला सांगितलं. तिचं बोट बोर्डाच्या बरंच खाली, कोऱ्या भिंतीवर पडलं. इवाई जमलेल्या मंडळींकडे वळले. त्यांचा तो अंत्ययात्रेचा आवाज परत आला होता. ते म्हणाले, "हे माह्या कोपराले नाई, ते बराबर हाय. पन हे तं इनबाईच्याबी कोपराले नाई. मंग लावलं कोनासाठी?" आणि मग जरा थांबून त्यांनी निकाल दिला की चूक आहे, पार चूक आहे, साफ नापास. माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. तिनं पदर खोचला आणि त्यांना प्रत्येक खोलीत नेऊन प्रत्येक बोर्डाचा अपमान करून घेतला. स्वयंपाकघरात फ्रीजमागे वाकून त्यांनी पीन पाहिली आणि हे कोणत्या येड्यानं लावलं म्हणून विचारलं. फिटिंगवाला पंगतीत वाढायला मदत करत होता. तो हातातलं वरणाचं भांडं तसंच घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला, आणि त्याचं हसणं आम्हाला अंगणातून ऐकू आलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी आमच्याच फिटिंगवाल्याला केनवडला नेलं. जुना बोर्ड काढू नका असं इनबाईंनीच सांगितलं. मग फिटिंगवाल्यानं जिन्याचं कनेक्शन असतं तसं करून दिलं, म्हणजे एकाच दिव्याला दोन बटणं, कोणतंही दाबलं तरी चालतं. जिन्यात एक वर असतं, एक खाली. इथं जिना नव्हता, एकाच भिंतीवर एकाखाली एक अशी दोन बटणं. खालचं त्यांच्या कोपराला, वरचं इनबाईंच्या कोपराला, मोजून, त्यांना उभं करून, खडूनं खूण करून. गावातले लोक ते पाहायला येत. दोघंजण भांडले की हे खालून लाइट बंद करत आणि त्या वरून चालू करत, असं माझी मुलगी सांगते. पण ती वडिलांना खूश करायला काहीही सांगते.

याला आता काही वर्षं झाली. इवाईंचे पाय दुखतात, गृहप्रवेशाची बोलावणी येतात पण ते फारसे जात नाहीत. मंडळी फोनवर बोर्डाचे फोटो पाठवतात आणि ते फोटोवरूनच नापास करतात. इनबाईंचा उजवा खांदा आखडला आहे, हात फार वर जात नाही, आणि त्या स्वतःही पाठीतून पुष्कळ वाकल्या आहेत. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या आता खालचंच बटण वापरतात. सहज, चालता चालता, न वाकता. दोघंही अंगणात शेजारी उभे होते, आणि कोण उंच ते पटकन सांगता येत नव्हतं.

वरचं बटण तसंच आहे. इवाई ते फडक्यानं पुसतात, पण त्यांचा हात काही तिथवर नीट पोचत नाही, त्यामुळे खालची कड तेवढी चमकते. मी गेलो की दिवेलागणीला ते मला उठवतात आणि म्हणतात, "वरचं जरासं दाबून पाहा ना जी. कोनी दाबत नाई, जाम होईन." मी वरचं बटण दाबतो. खोलीत अंधार होतो. मग खालच्या अंगाला टक्कन आवाज होतो आणि लाइट येतो. पाहतो तर कधी इवायांचं बोट बटणावर असतं, कधी इनबाईंचं.